काचेतली बाजारपेठ: रत्नागिरीचा रस्ता फोटोरिअलिस्ट पद्धतीने रंगवायचा आहे

मांडवीकर

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीच्या बाजारपेठेतल्या एका वळणाचं मोठं तैलचित्र करायचं ठरवलं आहे. आकार ९० बाय १२० सेंटिमीटर, आडवा. डावीकडे मोबाइलचं नवं दुकान, दर्शनी बाजू पूर्ण काचेची. त्याला लागून जुनं कौलारू घर, खाली किराणा दुकान, वर लाकडी गॅलरी, बाजूची भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. रस्ता पावसाने ओला. काचेत समोरची सराफाची पेढी आणि विजेचा खांब दिसतो. अमेरिकन चित्रकार रिचर्ड एस्टीस न्यूयॉर्कचे रस्ते रंगवतो त्या फोटोरिअलिस्ट पद्धतीने, म्हणजे फोटोवरून फोटोइतकंच हुबेहूब, हे करायचं आहे.

चार गोष्टी विचारायच्या आहेत. एस्टीसची कामाची पद्धत नेमकी काय, तो फोटो प्रोजेक्टरने कॅनव्हासवर टाकतो का? फोनवर काढलेल्या फोटोत दोन्ही बाजूंची घरं आत कललेली दिसतात, ती सरळ कशी करायची? काचेचा भाग कच्च्या रेखाटनात नुसता गोंधळ वाटतो, प्रतिबिंब काचेवर चिकटवलेल्या चित्रासारखं दिसतं, ते का? आणि काम जूनमध्ये सुरू होणार, तर इथल्या दमट हवेत कॅनव्हास घ्यावा की फळी? शिवाय अशा कामावर पोट भरतं का, हेही कुणी सांगितलं तर बरं.

चिरेबंदी

आधी एस्टीसबद्दल, कारण त्याची वाटचाल पाहिली की पद्धतीचा निम्मा उलगडा होतो.

जन्म १९३२, अमेरिकेत इलिनॉय राज्यातलं किवानी हे लहान गाव. १९५२ ते १९५६ शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या शाळेत शिक्षण, तेही मुख्यतः मनुष्याकृतीचं पारंपरिक रेखाटन. शाळेला जोडूनच संग्रहालय होतं, तिथे देगा, हॉपर, एकिन्स अशा जुन्या चित्रकारांची चित्रं रोज बघायला मिळत. १९५६ला तो न्यूयॉर्कला गेला आणि पुढची सुमारे दहा वर्षं मासिकं आणि जाहिरात संस्थांसाठी ग्राफिक कलाकार म्हणून काम केलं. १९६६च्या आसपास नोकरी सोडून पूर्णवेळ चित्रं करण्याइतकी बचत झाली. पहिलं एकल प्रदर्शन १९६८ साली, न्यूयॉर्कच्या ॲलन स्टोन गॅलरीत. वय ३६. त्याआधीच्या वर्षी, १९६७ला, त्याने ‘टेलिफोन बूथ्स’ केलं होतं. ओळीने उभे टेलिफोनचे बूथ, धातूच्या चौकटी आणि काचा, आणि त्या काचांत तुकडे तुकडे झालेला रस्ता. ते आज माद्रिदच्या थिसेन-बोर्नेमिसा संग्रहालयात आहे. ‘ड्रगस्टोअर’ (१९७०) शिकागोत आहे, ‘डायनर’ (१९७१) वॉशिंग्टनच्या हर्शहॉर्न संग्रहालयात. १९७२ला जर्मनीतल्या कासेलच्या ‘डॉक्युमेंटा ५’ या प्रदर्शनात एस्टीससारखी फोटोरिअलिस्ट मंडळी युरोपपुढे आली.

नोकरीची ती दहा वर्षं फार महत्त्वाची आहेत. छापील पानावर अक्षर, फोटो आणि मोकळी जागा यांची मांडणी करण्यात मुरलेला हात त्याच्या प्रत्येक चित्रात दिसतो. त्याची चित्रं एका फोटोवरून नसतात. एका जागेचे तो बरेच फोटो काढतो, वेगवेगळ्या एक्स्पोजरचे (कमी-जास्त उजेड घेतलेले), थोडे डावी-उजवीकडे सरकून. मग त्यातून हवं ते घेऊन रचना बांधतो. एखादी खिडकी सरकवतो, खांब काढून टाकतो, रस्त्यावरचा कचरा रंगवतच नाही. माणसं कमी हवीत म्हणून रविवारची सकाळ त्याला सोयीची. अगदी जवळची चौकट आणि टोकाची इमारत दोन्ही सारख्याच स्पष्ट असतात. कोणत्याही एका फोटोत किंवा एका नजरेत असं दिसत नाही. बघणाऱ्याला ‘हुबेहूब फोटो’ वाटणारी ही गोष्ट मुळात रचलेली आहे.

प्रोजेक्टर तो वापरत नाही. फोटो समोर ठेवून हाताने आखतो, ॲक्रिलिकच्या पातळ थरात चित्र पूर्ण उभं करतो आणि वर तैलरंगात बारीक काम करतो. याच पद्धतीचे दुसरे चित्रकार रॉबर्ट बेक्टल आणि राल्फ गोइंग्ज मात्र स्लाइड प्रोजेक्टर वापरत, आणि चक क्लोज चौकटी आखून मोठं करत असे. त्यामुळे प्रोजेक्टर म्हणजे लबाडी असं मानायचं कारण नाही. ‘फोटोरिअलिझम’ हा शब्द लुई मायझल या गॅलरीवाल्याने १९६९ला काढला, आणि त्याने पुढे जी पाच कलमं घातली त्यात यांत्रिक किंवा अर्धयांत्रिक साधनाने चित्र कॅनव्हासवर उतरवणं हे एक कलमच होतं. पाचवं कलम माझ्या मते सगळ्यात मोलाचं: अशा कामाला आणि ते प्रदर्शित करण्याला किमान पाच वर्षं दिलेली असावीत.

तुमच्या चित्रासाठी मात्र प्रोजेक्टर नको, चौकटीच घ्या. फोटोतला कल प्रोजेक्टर जसाच्या तसा, आणि जरा वाढवूनच, कॅनव्हासवर आणतो.

कल येतो तो दोन कारणांनी. फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिलिमीटरच्या लेन्सइतका रुंद असतो, त्यामुळे कडेच्या गोष्टी ताणल्या जातात. आणि गॅलरी फोटोत यावी म्हणून आपण फोन वर उचलतो, की उभ्या रेषा वर एकमेकींकडे झुकतात. उपाय असा: शक्य तितकं मागे जा, दुप्पट झूमवर घ्या (तो साधारण ५० मिलिमीटरच्या जवळ येतो), फोन तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) अगदी उभा आणि सपाट ठेवा, क्षितिजरेषा बरोबर मध्ये येऊ द्या. खालचा अर्धा भाग नुसता रस्ताच येईल. तो नंतर कापता येतो. कललेली भिंत संगणकावर सरळ करता येते, पण मग वरचा मजला ताणला जातो आणि खिडक्यांची उंची खोटी होते.

कॅमेरा असेल तर एफ ८, आयएसओ १००, रॉ फाइल. एकाच जागेवरून तीन एक्स्पोजर घ्या: मधलं, दोन स्टॉप कमी, दोन स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). कमी वाल्यात आभाळ आणि दिव्यांचे तपशील मिळतात, जास्त वाल्यात पडवीखालचा अंधार उलगडतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचा रंग जुळवणारी सोय, ऑटोवर ठेवू नका. दुकानातला एलईडी आणि बाहेरचं ढगाळ ऊन यांमध्ये तो प्रत्येक फोटोला वेगळा रंग देईल आणि मग जोडताना चिरा एका फोटोत तांबूस, दुसऱ्यात जांभळा निघेल.

वेळेचा आपल्याकडचा पेच वेगळा आहे. न्यूयॉर्कच्या त्या सकाळी रस्ता रिकामा असला तरी काचा उघड्या असतात. आपल्याकडे रस्ता रिकामा असतो तेव्हा शटर खाली असतं. शटर वर गेल्यापासून गर्दी होईपर्यंतची अर्धा-पाऊण तास, तेवढीच वेळ हाती आहे. दुकानदाराला आदल्या दिवशी सांगून ठेवा. तो दोरीला लटकवायच्या वस्तू जरा उशिरा लावेल. आणि रिकामा रस्ता पहाटे वेगळा टिपून ठेवा, पण तिकाटण्याच्या पायांच्या जागी खडूने खुणा करून. नाहीतर दोन फोटोंचं पर्स्पेक्टिव्ह जुळणार नाही.

४५ बाय ६० सेंटिमीटरचे मॅट प्रिंट काढा, ग्लॉसी नको, त्यावर खोलीतला दिवा चमकतो. एक प्रिंट फिकट, एक गडद. प्रिंटवर अडीच सेंटिमीटरच्या चौकटी, कॅनव्हासवर पाचच्या. दोन्हीकडे १८ गुणिले २४, म्हणजे ४३२ चौकटी येतील. पण चौकटींत भरायला सुरुवात करण्याआधी क्षितिज आणि लोपबिंदू (लांब जाणाऱ्या समांतर रेषा जिथे मिळतात तो बिंदू) आखा. लोपबिंदू कॅनव्हासच्या बाहेर पडेल. कॅनव्हास भिंतीला लावा, बिंदूच्या जागी भिंतीत खिळा ठोका आणि त्याला दोरा बांधून कौलांची कड, गॅलरीचा कठडा, काचेची चौकट तपासून घ्या. चौकटी फक्त जागा सांगतात, रेषा सरळ आहे की नाही ते दोराच सांगतो.

अभ्रक

काचेबद्दल लिहितो. सगळं चित्र त्या डावीकडच्या एक-तृतीयांश भागावर उभं राहणार किंवा पडणार आहे.

प्रतिबिंब चिकटवल्यासारखं दिसतं याचं पहिलं कारण आकार. अंतरं मोजून बघा. समजा तुम्ही काचेपासून चार मीटरवर उभे आहात आणि सराफाची पेढी काचेसमोर सहा मीटरवर आहे. प्रतिबिंबातली पेढी काचेच्या तितकीच मागे असल्यासारखी दिसते, म्हणजे तुमच्यापासून दहा मीटरवर. काचेच्या आत एक मीटरवर उभा असलेला विक्रेता तुमच्यापासून पाच मीटरवर. तेव्हा पेढीच्या दारातला माणूस काचेत विक्रेत्याच्या बरोबर निम्म्या उंचीचा दिसायला हवा. हे प्रमाण डोळ्याने लावलं की हमखास प्रतिबिंब मोठं होतं आणि ते काचेच्या मागे जाण्याऐवजी काचेवर येऊन बसतं. लोपबिंदू मात्र तोच. काच रस्त्याला समांतर असेल तर प्रतिबिंबातल्या घरांच्या आडव्या रेषाही रस्त्याच्याच लोपबिंदूकडे जातात. चिरेबंदी यांचा दोरा इथेही चालेल.

दुसरं कारण उजेडाची बेरीज. साधी एक काच समोरून पाहिली तर पडलेल्या उजेडापैकी सुमारे ८ टक्के परत फेकते, पुढच्या पृष्ठभागावरून ४ आणि मागच्यावरून ४. तिरकं पाहू लागलं की हा वाटा झपाट्याने वाढतो. म्हणजे तुमच्या समोरच्या काचेत दुकानाचं आतलं जास्त दिसेल आणि लांब जाणाऱ्या टोकाला नुसता रस्ता आणि आभाळ. पूर्ण काचेवर प्रतिबिंब सारख्याच ताकदीचं रंगवलं की ते छापील पडद्यासारखं वाटणारच.

प्रतिबिंब आतल्या दृश्यात उजेड मिळवतं, कधीच कमी करत नाही. त्यामुळे प्रतिबिंबात जिथे काळोखी वस्तू आहे तिथेच आतलं सगळ्यात स्वच्छ दिसतं. विजेचा खांब बघा. खांबाचा गडद पट्टा काचेत उभा आहे, आणि त्या पट्ट्यातून आतल्या मांडणीवरचे मोबाइलचे खोके, त्यांच्या किमतीच्या चिठ्ठ्या सुद्धा वाचता येतात. खांबाच्या दोन्ही बाजूंना आभाळाचं प्रतिबिंब आहे, तिथे तेच खोके धुक्यात बुडाल्यासारखे. खांब करड्या रंगाने भरून टाकला तर काच मेली. खांब म्हणजे आत बघायची फट आहे.

करायचं कसं? कॅनव्हासला हात लावण्याआधी त्या भागाचा प्रिंट पूर्ण आकारात काढा आणि त्यावर बटर पेपर ठेवून तीन रंगांच्या पेन्सिलींनी नकाशा करा. लाल रंगात आतलं, निळ्यात प्रतिबिंब, काळ्यात खुद्द काचेवर जे आहे ते: पैसे भरायच्या कोडचं स्टिकर, ‘ढकला’ची पाटी, बोटांचे ठसे, पावसाचे थेंब, तळाशी उडालेल्या चिखलाची तांबडी पट्टी. ही तिसरी पातळी बहुतेक जण विसरतात आणि तीच काच आहे असं सांगत असते. फोटोंतून हे वेगळं काढायला पोलरायझिंग फिल्टर वापरा. तिकाटणं न हलवता एक फोटो फिल्टर फिरवून प्रतिबिंब जास्तीत जास्त घालवून, दुसरा फिल्टर काढून. समोरून बघताना फिल्टरचा काही उपयोग होत नाही. काचेला लंब रेषेपासून ५५ अंशांच्या आसपास तिरकं उभं राहिलं की परिणाम उत्तम. तसंच फोकसचं. एक फोटो आतल्या खोक्यांवर फोकस करून, एक प्रतिबिंबातल्या पेढीवर. काच एकच असली तरी लेन्सच्या दृष्टीने ती दोन वेगवेगळी अंतरं आहेत.

रंगवताना आतलं सगळं आधी करून वरून पातळ पांढरं फिरवायचा मोह होईल. टाळा. गडद रंगावर पातळ पांढरा थर दुधाळ निळसर दिसतो आणि संपूर्ण काचेला एकच झाक येते. प्रत्येक ठिगळाचा रंग वेगळा मिसळून, अपारदर्शक, शेजारी शेजारी लावा. पातळ थर फक्त धुळीसाठी आणि वाफेसाठी राखून ठेवा.

आणखी दोन बारकावे. मोठी दर्शनी काच दोन-तीन तुकड्यांत असते आणि तुकडे अगदी एका पातळीत कधीच बसवलेले नसतात. सांध्यावर प्रतिबिंबातला खांब जरासा तुटतो, सरकतो. तो तुटका ठेवा. दार थोडं उघडं असेल तर दाराच्या दुप्पट कोनात प्रतिबिंब फिरतं: दार ५ अंश, प्रतिबिंब १० अंश. दारातल्या काचेत पेढीऐवजी रस्त्याचा वेगळाच भाग दिसायला हवा. आणि काच टफन्ड (भट्टीत तापवून मजबूत केलेली) असेल तर भट्टीतल्या रोलरमुळे तिच्यात हलक्या लाटा असतात. सरळ खांब नागमोडी दिसतो, ती चूक समजून पट्टीने सरळ करू नका.

ओला रस्ता हे काचेचंच भावंड आहे. पायाजवळ डांबराचा स्वतःचा रंग दिसतो, लांब गेलं की आभाळ. पाण्यातलं प्रतिबिंब खालून पाहिल्यासारखं असतं, म्हणून त्यात वळचणीच्या आतल्या वाशांचा भाग प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसायला हवा. वरचं घर नुसतं उलटं करून खाली काढलं की तिथेच ओळखू येतं. उजळ गोष्ट पाण्यात थोडी गडद, गडद गोष्ट थोडी उजळ. खरबरीत डांबरावर प्रतिबिंब उभं ताणलं जातं, साचलेल्या डबक्यात कडा स्वच्छ. आणि गटाराकडे वाहणारं पाणी जांभ्याच्या मातीने तांबूस असतं, तिथे प्रतिबिंबालाही तांबूस रंग चढतो.

मांडवीकर

दोघांचेही मनापासून आभार. खांबातून आत बघायचं हे आता फोटोत स्पष्ट दिसतं आहे. चिऱ्याच्या भिंतीवरचा काळपटपणा आणि दुकानाच्या पडवीला बांधलेली निळी ताडपत्री, यांचे रंग कसे मिसळावेत? आणि दमट हवेचं अजून राहिलंच.

खारी हवा

ओल्या जांभ्यासाठी बर्न्ट सिएना, थोडा बर्न्ट अंबर, सावलीत अल्ट्रामरीन. कोरडा चिरा याहून फिकट आणि गुलाबीकडे झुकलेला असतो, भिजला की गडद आणि जास्त तांबडा होतो. एकाच भिंतीवर वळचणीखाली कोरडा पट्टा आणि खाली भिजलेला भाग असे दोन्ही दिसतात. भिंतीवरची काळी पुटं काळ्या रंगाने करू नका. ती वाळलेल्या शेवाळाची असतात. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून येणारा गडद रंग घ्या आणि त्यात कणभर हिरवा. ताडपत्रीला थॅलो निळा आणि टायटॅनियम पांढरा. पण तिच्याखालून येणारा उजेड निळा असतो, तो किराणा दुकानाच्या पोत्यांवर आणि तराजूवर उतरला पाहिजे. फोटोत सावल्या काळ्या पडतात. म्हणून जागेवर जाऊन जाड कागदावर रंगांचे ठिपके लावून आणा, प्रत्येकाशेजारी पेन्सिलीने जागा लिहून.

आता पाया. कॅनव्हास दमट हवेत ढिला-ताठ होत राहतो आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे रोजचं आहे. बारीक कामाला, हात टेकून काम करायला, घट्ट पाया लागतो. साधा हार्डबोर्ड कडांनी पाणी पितो आणि फुगतो. घ्यायचाच असेल तर दोन्ही बाजू आणि चारही कडा आधी सील करा. एकच बाजू रंगवली तर फळी धनुष्यासारखी वाकते, कारण ओल एकाच बाजूने आत-बाहेर करते. ९० बाय १२० आकाराला माझी पसंती ४ मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनलला, पाट्या करणारे वापरतात तोच पत्रा. दमट हवेत त्याचा आकार बदलत नाही. मागून ॲल्युमिनियमच्या नळीची चौकट चिकटवून घ्या. पुढची बाजू २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून चमक पूर्ण घालवा, स्पिरिटने पुसा, धातूला आणि प्लास्टिकला धरणारा प्रायमर द्या आणि मग ॲक्रिलिक जेसोचे (रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे) चार पातळ थर, एकमेकांना आडवे-उभे. प्रत्येक थरानंतर ३२० नंबरचा पेपर, शेवटी ४००चा. पायरी घाईत उरकली तर वर्षभराने रंग नखाने सोलून निघतो. एका कोपऱ्यात चिकटपट्टी लावून जोरात ओढून बघा, काही निघालं नाही तरच पुढे जा.

कॅनव्हासच हवा असेल तर बारीक विणीचा घ्या, चौकटीला पाचरी असू द्या आणि पिना स्टेनलेस स्टीलच्या. साध्या पिना खाऱ्या हवेत गंजतात आणि तांबडा डाग कापडातून पुढे येतो.

ॲक्रिलिकचा थर खाली, तैल वर. उलटं कधीही नाही. तैलरंगात अंबर लवकर वाळतात, आयव्हरी ब्लॅक, कॅडमियम आणि टायटॅनियम पांढरा उशिरा. पावसात सगळंच लांबतं, म्हणून तैलरंग लवकर वाळवणारं अल्किड माध्यम वापरा, आणि खालच्या थरात तेल कमी, वरच्या थरात जास्त हा क्रम मोडू नका. वर लवकर वाळणारा आणि खाली ओला थर राहिला की तडे जातात. बुरशी लागू नये म्हणून रंगात लवंगेचं तेल घालायचा सल्ला कुणी देईल. त्याने वाळायला आणखी उशीर होतो, इथे ते नकोच. चित्र चिऱ्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, भिंतीतली ओल थेट मागे जाते. मागे दोन-तीन बोटं मोकळी जागा आणि हवा खेळती हवी. अंधाऱ्या कपाटात बंद केलेलं तैलचित्र पिवळं पडतं. वाळत असताना त्याला उजेड हवा, फक्त थेट ऊन नको.

व्हार्निश सहा महिने ते वर्षानंतर, आणि जानेवारी-फेब्रुवारीतल्या कोरड्या दुपारी. पावसाळ्यात लावलं तर ओल आत अडकून पृष्ठभागावर पांढुरकी झाक येते, आणि तुमच्या चित्रात तर सगळ्यात गडद काचेवरच ती पहिली दिसेल.

तैलघाणा

पोटापाण्याचं विचारलंत, त्याचं उत्तर चौकटींतच आहे. ४३२ चौकटी, काचेच्या आणि बाजाराच्या दाटीत दिवसाला दोन झाल्या तरी खूप. आभाळ-रस्ता लवकर होईल हे धरूनही एवढ्या एका चित्राला पाच-सहा महिने लागतात. एकल प्रदर्शनाला बारा-पंधरा कामं लागतात. हिशेब तुम्हीच करा. म्हणून मोठ्या कामासोबत ३० बाय ४० आकाराची लहान कामं चालू ठेवा: एकच काच, एकच सलूनचा आरसा, एसटीच्या खिडकीत पडलेलं स्टँड. ती विकली जातात आणि मोठ्याचा सरावही होतो. किंमत दिवसांवरून ठरवा, आकारावरून नाही. लहान काम दाट असेल तर ते मोठ्या आभाळापेक्षा महाग असायला हवं.

दुसरा व्यवसाय ठेवून शहर रंगवणं यात कमीपणा नाही. सुधीर पटवर्धनांनी १९७५पासून तीस वर्षं ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलं आणि मुंबई-ठाण्याची चित्रं त्याच काळात केली. त्यांची शैली फोटोरिअलिस्ट नाही, पण शहर किती वेळ आणि किती जवळून बघावं लागतं हे त्यांच्याकडून शिकावं. वास्तववादाची परंपरा तर आपल्याच मातीत आहे. सावळाराम हळदणकर सावंतवाडीचे, जन्म १८८२. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं त्यांचं दिवा धरलेल्या स्त्रीचं चित्र जलरंगातलं आहे. बोटांच्या फटीतून येणारा तो लाल उजेड जमेल तेव्हा जाऊन प्रत्यक्ष बघा. छापील प्रतीत कळत नाही.

शिक्षण हवं असेल तर चिपळूणजवळ सावर्डे इथे कला महाविद्यालय आहे, मुंबईत १८५७पासूनचं जे. जे. कला महाविद्यालय आहेच. प्रदर्शनांत महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन आणि बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन, दोन्हीकडे नियमित कामं पाठवा. जहांगीर आर्ट गॅलरीच्या अर्जाला नंबर यायला काही वर्षं लागतात, तेव्हा काम हाती असताना नव्हे, आत्ताच अर्ज करा. फोटो नेहमी स्वतःचेच. दुसऱ्याच्या फोटोवरून केलेलं चित्र विकायला त्याची लेखी परवानगी लागते.

चित्र पाठवताना पृष्ठभागावर आधी बटर पेपर, मग बाकीचं. बुडबुड्यांचं प्लास्टिक थेट ओल्या-सुक्या तैलरंगावर लावलं तर गोल ठसे उमटतात. बाहेर प्लायची पेटी. प्रिंट विकायचे असतील तर व्हार्निश करण्याआधी चित्राचा फोटो काढून घ्या, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर दिवे ठेवून. ४५ बाय ६० सेंटिमीटरच्या ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) प्रिंटला सुमारे ३८ मेगापिक्सेलची फाइल लागते.

मांडवीकर

पॅनलच घेतो. शेवटचं एक: पेढीच्या पाटीवर ‘ज्वेलर्स’ अशी मोठी देवनागरी अक्षरं आहेत, ती काचेत उलटी आणि रस्त्यावरच्या पाण्यातही दिसतात. एस्टीसची रोमन अक्षरं बघून याचा अंदाज येत नाही.

अभ्रक

काचेत आणि पाण्यात अक्षर वेगवेगळ्या दिशेने उलटतं. काचेत डावं-उजवं बदलतं, शिरोरेषा वरच राहते, ‘र्स’वरचा रफार वरच राहतो पण उलट्या बाजूला वळतो. पाण्यात डावं-उजवं तेच राहतं, शिरोरेषा खाली जाते, आणि मात्रा व रफार तिच्याही खाली, बघणाऱ्याकडे झुकलेले. बटर पेपरवर पाटी ट्रेस करा. काचेसाठी कागद पानासारखा उलटा, पाण्यासाठी वरची कड खाली येईल असा पालथा.

शिरोरेषा ही रोमन अक्षरांत नसलेली लांब आडवी रेघ आहे, म्हणून काचेच्या प्रत्येक सांध्यावर ती तुटते ते लगेच डोळ्यांत भरतं. खांब जितका सरकला तितकीच ती सरकली पाहिजे, दोन्ही एकाच मापाने. पाण्यात ती लाटेबरोबर लहान लहान तुकड्यांत मोडते, तिथे अखंड ओढू नका. आणि अक्षरं आतून एलईडीने पेटणारी असतील तर फोटोत ती नुसती पांढरी आली असणार. अक्षराचा गाभा जवळजवळ पांढरा, कडेला रंग आणि भोवती पाटीवर त्याच रंगाचं फिकट वलय, असं ठेवा. त्यासाठी दोन स्टॉप कमी एक्स्पोजरचा तो फोटो उघडा, कडेचा रंग त्यात सापडेल.